खेळास शेवट असावा

पासष्टी उलटलेल्या आणि हयातभर पोरांकडून शब्दरूपे व धातुरूपे घोकून घेतलेल्या शिक्षकाने व्हिडिओ गेमांविषयी लिहावयास बसावे, यात कित्येक वाचकांस औचित्यभंग वाटेल. आमच्या घरातही तो वाटतो. परंतु ज्या विषयावरून हल्ली घरोघर रोज एकदा तरी खडाजंगी होते, त्याविषयी लिहिणारे बहुतेक लोक स्वतः कधी खेळलेले नसतात, आणि जे खेळतात ते लिहीत नाहीत. आम्ही गेली तीसेक वर्षे खेळत आलो आहोत. तेव्हा या विषयावर चार शब्द बोलण्याचा आमचा अधिकार वाचकांनी, निदान हा लेख संपेपर्यंत तरी, मान्य करावा.

आमचे म्हणणे असे की, खेळ म्हणून खेळात वाईट काही नाही. ज्यास शेवटच ठेविलेला नाही असा खेळ मात्र घरात येऊ देऊ नये. हे मत एका दिवसात बनलेले नाही. त्याचा वृत्तांत सांगावयाचा म्हणजे थोडे मागे जावे लागते.

टी.व्ही.स जोडावयाचे ते खेळाचे यंत्र आमच्या घरी पुतण्याने आणिले तेव्हा त्याबरोबर एक पिवळी कॅसेट आली होती व तीवर नऊ हजार नऊशे नव्याण्णव खेळ असल्याचे छापले होते. प्रत्यक्षात पंधरावीस खेळच निरनिराळ्या क्रमांकांखाली पुन्हा पुन्हा येत. या धंद्यातील जाहिरातीचा आणि आमचा तो पहिला परिचय. परंतु त्या पंधरावीसांत मारिओ होता. जपानातील निन्तेन्दो कंपनीने १९८५ साली काढिलेला हा खेळ आम्ही प्रथम शिक्षकाच्या डोळ्यांनी पाहिला, आणि थक्क झालो. त्यात सूचना म्हणून एक अक्षर नाही. पहिल्याच दृश्यात मिशाळ मारिओ डाव्या बाजूस उभा असतो व उजवीकडे सारी जागा मोकळी असते. तेव्हा कोणीकडे जावयाचे हे पोर आपोआप ओळखते. चार पावलांवर भूछत्रासारखे एक ध्यान समोरून चालत येते. त्यास धडकले की मरण, वरून उडी मारली की ते चपटे होते. झाला पहिला धडा! असे आठ लोक, प्रत्येकात चार मजले, म्हणजे बत्तीस पाठ. प्रत्येक पाठ मागच्यावर रचलेला, आणि बत्तिसाव्याच्या शेवटी राजकन्येची सुटका. चुकलेल्या मुलास त्यात कोणी रागावत नाही, हसतही नाही. पुन्हा आरंभास नेऊन उभे करितात इतकेच. शिगेरू मियामोतो नामक ज्या गृहस्थाने हे रचिले, त्यास पाठ्यपुस्तकांच्या मंडळावर घ्यावयास हवे होते असे आम्ही तेव्हा शिक्षकांच्या खोलीत बोललो होतो. कोणी मनावर घेतले नाही.

पुढे कॉम्प्युटर पाहावयास मिळू लागले आणि त्यांवर इराणच्या राजपुत्राचा खेळ आला. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' या नावाने तो चाळिशीपुढील पुष्कळ वाचकांस आठवत असेल. तो जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने जवळजवळ एकट्याने, चार वर्षे खपून, १९८९ साली पुरा केला. राजपुत्राचे धावणे व उडी मारणे खऱ्या माणसासारखे दिसावे म्हणून त्याने आपल्या धाकट्या भावास पांढरे कपडे घालून पळावयास लाविले, त्याचे चित्रण केले व त्या चित्रांवरून एकेक हालचाल उतरून घेतली. कारागिराची निष्ठा म्हणतात ती हीच. या खेळात घड्याळी साठ मिनिटे मिळतात. तेवढ्यात तळघरातून वर चढून राजकन्येस सोडवावयाचे, नाही तर सारे व्यर्थ. आम्हांस ते साधण्यास एक उन्हाळ्याची सुटी लागली. पण साधले, आणि साधल्यावर खेळ संपला. आम्ही यंत्र बंद करून आंघोळीस गेलो. त्या समाधानाची चव ज्यांनी घेतली आहे त्यांसच आजच्या मोबाईलवरील खेळांचे दैन्य नीट कळेल.

कारण आजचा तो खेळ फुकट येतो. फुकट आलेली वस्तू परत करण्याचा प्रश्न नसतो, म्हणून ती घरात राहते. प्रथम काही दिवस ती खेळाडूस सपाट्याने जिंकू देते. मग हळूच शक्ती संपते. पुन्हा खेळावयाचे तर चार तास थांबा, नाही तर काही रत्ने खर्च करा. रत्ने म्हणजे काय, तर रुपयेच. परंतु रुपयाचे रत्न केले की किती गेले याचा हिशेब पोरास राहत नाही, आणि तो न राहावा हाच हेतू असतो. आधी कंटाळा निर्माण करावयाचा आणि मग त्या कंटाळ्यावरील उतारा विकावयाचा, असा हा व्यापार आहे. याहून पुढची पायरी म्हणजे बंद पेटी. पैसे भरून पेटी उघडावी. आत काय निघेल ते दैवाधीन! बेल्जममधील अधिकाऱ्यांनी २०१८ साली अशा पेट्या विकणे हा जुगारच होय असा निर्णय दिला, तेव्हा आम्ही येथे नांदगाव खंडेश्वरी बसून त्या अपरिचित देशाचे मनोमन अभिनंदन केले. असला खेळ कधी संपत नाही, कारण दुकानास शेवटचे गिऱ्हाईक नको असते.

हिंदुस्थानातील मुलांनी ज्याच्यापायी रात्री जागविल्या त्या पब्जीचा इतिहास वाचकांस ठाऊक आहेच. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने चिनी संबंधामुळे तो बंद केला. २०२१ च्या जुलैत कोरियन मालक कंपनीने तोच नवे नाव लावून पुन्हा आणिला. २०२२ च्या जुलैत तो पुन्हा काढला गेला, आणि २०२३ च्या मे महिन्यात परत आला, तो अठरा वर्षांखालील मुलांस दिवसा तीन तासांची मर्यादा घालून. तीन तास! आमच्या वेळी शाळेत संस्कृतास आठवड्याचे मिळून इतके मिळत नसत. तथापि न्यायाने बोलावयाचे तर त्या खेळाची रचना उत्तम आहे हे नाकारता येत नाही. शंभर जण एका बेटावर उतरतात, रिंगण आकसत जाते, एक उरतो. अर्ध्या तासात आदि, मध्य व अंत. दोष डावात नाही. डाव संपला की लगेच दुसरा डाव, रंगीत बंदुका, पोषाख आणि पेट्या यांचा जो बाजार भोवती मांडलेला असतो, तो दोषाचे मूळ.

आणखी एक तक्रार सांगून टाकितो. आमच्या वडिलांनी घेतलेला सोंगट्यांचा पट अजून माळ्यावर आहे. त्याची एक सोंगटी हरवली आहे, तिच्या जागी चिंचोका चालतो. उलटपक्षी, फ्रान्सच्या यूबिसॉफ्ट कंपनीने 'द क्रू' नावाचा मोटारींचा खेळ लोकांस पैसे घेऊन विकिला व ३१ मार्च २०२४ रोजी आपली दूरची यंत्रे बंद केली. त्या दिवसापासून विकत घेणाऱ्यांच्या घरीही तो खेळ चालेनासा झाला. सोंगट्या विकणाऱ्या दुकानदाराने दहा वर्षांनी येऊन पट उचलून न्यावा तसेच हे झाले. युरोपात या प्रकाराविरुद्ध दहा लाखांहून अधिक नागरिकांनी २०२५ साली सह्या केल्या. सह्या करणारे सारे रिकामटेकडे होते असे आम्हांस वाटत नाही.

आता जुगाराकडे वळतो, कारण गावात या विषयाला जे कडवट वळण लागले ते तेथून लागले. शेजारच्या आळीतील एका कास्तकाराच्या मुलाने सोयाबीनचा आलेला चुकारा मोबाईलवरील पत्त्यांच्या डावात घालविला. बापास कळले तेव्हा तो ओट्यावर येऊन बसला, बराच वेळ बोलला नाही, आणि मग म्हणाला, "गुरुजी, पोट्टं वाया गेलं ना जी या खेयापायी. अन् तुमीबी हेच खेयता मने?" त्या वाक्याचे उत्तर देणे आम्हांस प्राप्त होते. आम्ही त्यास सांगितले की, मुलाने जे केले तो खेळ नव्हे, द्यूत होय. दोहोंत फरक आहे. त्यास ते पटले की नाही कोण जाणे. पैसे गेलेल्या माणसास व्याख्या ऐकविणे सोपे नसते.

तरीही व्याख्या करावीच लागते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात चौतिसावे सूक्त फाशांचे आहे. त्यात जुगारी स्वतःच आपली दशा सांगतो: सासू द्वेष करिते, बायको दूर सारिते, तरी फाशांचा आवाज ऐकला की पाय तिकडेच वळतात. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या कवीने हे दुखणे इतके नेमके ओळखले होते. परंतु त्याच समाजाने पुढे चतुरंग रचिला, आणि त्याचे बुद्धिबळ होऊन ते जगभर गेले, हेही आपण विसरू नये. फाशाची वस्तू एकच. पणास काय लाविले यावरून खेळ की द्यूत हे ठरते. संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन खेळांचा जो कायदा केला, त्यात हाच भेद धरिला आहे: पैशाच्या डावांस बंदी, ते चालविणारास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटीपर्यंत दंड; स्पर्धेच्या व करमणुकीच्या खेळांस मात्र उत्तेजन. २२ ऑगस्ट रोजी राष्ट्रपतींची संमती मिळताच क्रिकेटवर पैसे लावून घेणाऱ्या मोठमोठ्या कंपन्यांनी आपले डाव गुंडाळले. त्याच्या महिनाभर आधी महाराष्ट्राच्या विधिमंडळात एका मंत्र्यांच्या हातातील फोनवर पत्ते दिसल्याची चित्रफीत सर्वांनी पाहिली होती. आपण खेळत नव्हतो, मध्येच आलेली जाहिरात दूर करीत होतो, असा खुलासा त्यांनी केला. पुढे त्यांचे कृषिखाते जाऊन त्यांस क्रीडाखाते मिळाले. हा योग आम्ही जुळविलेला नाही.

असो. कायदा झाला हे ठीक झाले. पण त्यानंतर आमच्या घरात एक वेगळेच प्रकरण उभे राहिले. आमच्या पुतण्याचा मुलगा बारावी झाला असून, खेळ रचण्याची विद्या शिकावयाची असे त्याने जाहीर केले. त्याचे आजोबा, म्हणजे आमचे दादा, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या आखाड्यात वाढलेले. ज्या मंडळाने १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी हुतुतू व मल्लखांब नेऊन दाखविले, त्या मंडळाचा अभिमान त्यांस अद्यापि आहे. त्यांच्या मते खेळ म्हणजे माती व घाम. बसल्या जागी बोटे हालविणे हा खेळच नव्हे, आणि तो बनविणे हा धंदा तर मुळीच नव्हे. वर चुकाऱ्याचे उदाहरण ताजे! पोरास इंजिनियरिंगला घालावे असा त्यांचा निश्चय, आणि मुलाचे तोंड उतरलेले. आम्ही मध्ये पडलो.

दादांस आम्ही पत्तेवाल्यांची गोष्ट सांगितली. १८८९ साली जपानातील क्योटो शहरी फुसाजिरो यामाउची नामक गृहस्थाने पत्ते करण्याचे एक लहानसे दुकान काढिले. बारा महिन्यांची बारा फुले, प्रत्येकाची चार पाने, मिळून अठ्ठेचाळीस पत्ते. ते हाताने तयार करीत. त्या दुकानाचे नाव निन्तेन्दो. पाऊणशे वर्षे ते पत्तेच करीत होते. १९६५ साली तेथे गुन्पेई योकोई नावाचा तरुण पत्त्यांच्या यंत्रांची देखभाल करावयास नोकरीस लागला. त्याने रिकाम्या वेळी स्वतःच्या करमणुकीसाठी केलेला एक लांबणारा चिमटा मालकाच्या दृष्टीस पडला, आणि कंपनीने तो खेळणे म्हणून बाजारात आणिला. पुढे याच योकोईने १९८० साली खिशात मावणारे खेळ आणिले व १९८९ साली गेम बॉय. त्याचे तत्त्व असे होते की, जी यंत्रविद्या जुनी होऊन स्वस्त व भरवशाची झाली आहे, तीच घेऊन तिचा नवा उपयोग शोधावा. गेम बॉयचा पडदा मळकट हिरवा होता, प्रतिस्पर्ध्यांचे रंगीत होते; पण याचे सेल पुष्कळ टिकत, म्हणून जिंकला हा. काटकसरीत वाढलेल्या आमच्या मनास हे तत्त्व फार भावते.

आता आपल्या पत्तेवाल्यांकडे पाहा. १५२७ साली बाबराने आपल्या एका स्नेह्यास गंजिफा पाठविल्याचा उल्लेख त्याच्या आत्मवृत्तात आहे. तोच खेळ आपल्याकडे येऊन दशावतारी झाला: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान व एक ते दहा, मिळून एकशे वीस वाटोळी पाने. सावंतवाडीचे चितारी ती हाताने रंगवीत व लाखेने चकचकीत करीत. गेल्या शतकात ही कला जवळजवळ लोपली होती. १९७० नंतरच्या काळात शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कारागीर बसवून ती जगविली, हे त्यांचे उपकार होत. आम्ही तेथे जाऊन ती पाने पाहिली आहेत. मन प्रसन्न होते. परंतु विकत घेणारे लोक ती चौकटीत बसवून भिंतीस लावितात. खेळावयाचे कसे हे त्यांतील थोड्यांसच ठाऊक असते. क्योटोच्या पत्त्यांचा उद्योग झाला आणि सावंतवाडीच्या पत्त्यांची शोभेची वस्तू झाली. बुद्धीत आपण उणे होतो असे नव्हे. खेळ करणे हे शहाण्या माणसाचे काम आहे असे आपल्याकडे कोणी मानिले नाही, हे आमच्या मते त्याचे मोठे कारण.

अलीकडे मात्र काही जण मानू लागले आहेत, आणि ते आपल्या पुण्यात आहेत. नॉडिंग हेड्स नावाच्या पुण्याच्या लहानशा मंडळीने 'राजी' हा खेळ रचिला. २०१७ साली त्यांनी लोकवर्गणी मागितली, ती पुरी जमली नाही. संस्थापकांपैकी श्रुती घोष यांनी आपले घर विकून काम चालू ठेविले. शेवटी १८ ऑगस्ट २०२० रोजी खेळ प्रसिद्ध झाला, तो प्रथम कोणाच्या यंत्रावर? त्याच क्योटोच्या पत्तेवाल्यांच्या! त्या वर्षी लॉस एंजेलिसच्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या पारितोषिकासाठी निवडलेल्या पाच खेळांत त्याचे नाव होते.

आम्ही तो कॉम्प्युटरवर खेळून पुरा केला आहे, तेव्हा त्याविषयी मत देण्यास हरकत नाही. राजी ही कसरती करणारी मुलगी. तिच्या धाकट्या भावास राक्षस पळवून नेतात. दुर्गा तीस त्रिशूल देते, आणि दुर्गा व विष्णू वरून पाहत आपसांत बोलत असतात. सूत्रधाराची ही योजना आमच्या नाटकांस शोभण्यासारखी आहे. किल्ले, जिने, कमानी, भिंतींवरील पुराणकथांची चित्रे, आणि बाहुल्यांच्या सावल्यांनी सांगितलेले कथानक ही सारी मन लावून केलेली आहेत. आमच्या खंडेश्वराच्या हेमाडपंती देवळाचे खांब लहानपणी पाहताना वर चढून जावेसे वाटे व पुजारी ओरडत. या खेळात ती हौस आम्ही उतारवयात फेडून घेतली. महाबलासुर हा समासही शुद्ध आहे, जे हल्ली दुर्मिळ. पण दोषही आहेत. युद्धे फार वेळा एकाच ठशाची होतात. कथा ऐन रंगात आली असता खेळ चारपाच तासांत अकस्मात आटोपतो. लेखकाची प्रतिभा संपली नसून थैली संपली असावी असा संशय येतो. आणि पुण्यात जन्मलेली ही पोर आरंभी इंग्रजीच बोलत होती. २०२२ च्या सुधारलेल्या आवृत्तीत तीस हिंदी आली. मराठी बोलेल तेव्हा आम्ही तिचे पुन्हा एकदा स्वागत करू.

दादांनी हे सारे शांतपणे ऐकले व एकच प्रश्न विचारला, "घर विकावे लागले म्हणतोस, मग याने काय विकावे?" प्रश्न रास्त होता आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे झाले असते. या धंद्यात नोकरीची शाश्वती नाही. मायक्रोसॉफ्टने २०२३ साली सुमारे एकोणसत्तर अब्ज डॉलर ओतून एक मोठी खेळ-कंपनी घेतली आणि पुढच्या जानेवारीत एकोणीसशे माणसे कमी केली. ज्यांचा खेळ गाजला त्यांचेही कारखाने बंद होतात. उलट बाजूस, २०२५ साली मुंबईत या विद्यांसाठी केंद्र सरकारने संस्था काढिली, राज्यानेही त्याच वर्षी धोरण ठरविले. पण धोरणावर पोट भरत नाही हे दादा आम्हांपेक्षा अधिक जाणतात. म्हणून तोड अशी निघाली की, मुलाने कॉम्प्युटरची पदवी अमरावतीसच घ्यावी, आणि तीन वर्षांत एक संपूर्ण खेळ, शेवट असलेला, स्वतः रचून दाखवावा. मग पुढील शिक्षणाचा खर्च दादा करतील. विषय आम्ही सुचविला: दशावतारी गंजिफा.

काम सुरू झाले आहे. या खेळाचा एक नियम मोठा गोड आहे: डाव दिवसा असेल तर रामाच्या रंगाने आरंभ होतो, रात्री असेल तर कृष्णाच्या. शिवाय अर्ध्या रंगांत दहा मोठा व एक लहान, अर्ध्यांत उलट. उलटसुलट मोजणी मुलाने दोन दिवसांत बसविली. दिवसरात्रीसाठी त्याने यंत्रातील घड्याळ घेऊन सायंकाळी सहास रात्र ठरविली. त्यावर वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अरे, वैशाखात सहाला ऊन असते, पौषात दिवा लागतो. तुझ्या यंत्राला कळत नाही का?" मुलगा विचारात पडला. गेल्या रविवारपासून दादा चष्मा लावून पंचांगातील सूर्यास्त एकेका दिवसाचा वाचून दाखवितात आणि तो लिहून घेतो. सध्या मार्गशीर्षापर्यंत आले आहेत.